पन्नासचे दोनशे: थरांत दडवलेला एक फिल्टर

सोलापुरात अशोक चौकापासून थोडं आत, टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात प्रत्येक मागावर पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, मोजणारी डबी बसवलेली आहे. डबी थोड्या थोड्या वेळानं आपला आकडा ८६६ मेगाहर्ट्झवर पाठवते आणि ऑफिसच्या भिंतीवरचा गेटवे, म्हणजे सगळ्या डब्यांचे आकडे गोळा करणारा रिसीव्हर, तो ऐकतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा हा पट्टा २००५ पासून आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, त्यामुळे असली उपकरणं त्यातच गर्दी करतात. गेटवे पुण्याची एक छोटी कंपनी बनवते. त्यांच्या रेडिओ भागाचं डिझाइन माझ्याकडे असतं. मी जुळे सोलापुरात, घरच्याच वरच्या खोलीत बसून ते करतो. गिऱ्हाईक गावातलं, म्हणून तक्रार थेट माझ्याकडे आली. त्या तक्रारीतून जो फिल्टर जन्मला त्याची ही गोष्ट.

कारखान्याच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णा म्हणाले, "सर, सकाळी झकास चालतंय. संध्याकाळी माग बंद पडला की अर्ध्या तासानं सांगतंय. तोवर जॉबर घरी जाऊन जेवून येतोय की!" जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा.

सगळ्यांचा संशय मोटरींवर. शेडमध्ये उभं राहिलं की तसं वाटणं साहजिकच आहे, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण मोटरींचा आणि स्टार्टरचा विजेचा गोंगाट मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. ८६६ मेगाहर्ट्झपर्यंत पोचेतो त्याचा जीव गेलेला असतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे ते दाखवणारं यंत्र) अँटेनाच्या जागी लावला तेव्हा चोर दुसराच निघाला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि त्याचं १८०५ ते १८८० मेगाहर्ट्झचं प्रक्षेपण थेट आमच्या खिडकीत येत होतं. संध्याकाळी सगळे फोन घेऊन बसले की त्याचा जोर वाढायचा. आमचा ८६६चा सिग्नल त्याच्यापुढे चिमुकला. रिसीव्हरचा पहिला ॲम्प्लिफायर त्या जोरानंच गुदमरत होता. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातलं प्रक्षेपणही होतं, पण त्या जागी ते मानानं बरंच मंद होतं.

म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी फिल्टर हवा, हवी ती फ्रिक्वेन्सी आत घेऊन बाकीच्या अडवणारा, तोही कमी खाणारा. पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी जितके डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) जातील तितकी रिसीव्हरची नॉइज फिगर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गोंगाटाचं माप, सरळ वाढते, नंतर कितीही वाढवा, ते परत मिळत नाही. मी मनाशी मर्यादा ठरवली एक डीबीची.

आता इम्पीडन्सचं, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं. अँटेना ५० ओहमची. ॲम्प्लिफायरला मात्र कमीत कमी नॉइजसाठी समोरून सुमारे २०० ओहम दिसायला हवे होते, शिवाय त्याच्या पायाला (पिनला) एक पिकोफॅरडची स्वतःची कपॅसिटन्स. जुन्या बोर्डावर हे काम रुळलेल्या पद्धतीनं केलेलं होतं: आधी ५० ते ५० ओहमचा फिल्टर, मग ५० चे २०० करणारं एक एल आकाराचं जाळं, मग पायाची कपॅसिटन्स मारायला आणखी एक इंडक्टर. तिन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर. पण एकामागे एक लावल्या की प्रत्येक जण आपापला वाटा खातो, आणि जाळ्याच्या रेझोनन्समुळे फिल्टरचा आकारही थोडा बिघडतो. वीस मिलिमीटर जागा जायची ती वेगळीच.

माझं म्हणणं असं की इम्पीडन्स बदलणं हे वेगळं खातं ठेवायचंच नाही. फिल्टरच्या टोकांना ते काम सांगायचं. १९५७ साली अभियंते सेमूर कोहन यांनी थेट जोडलेल्या रेझोनेटरच्या, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीला गुंजणाऱ्या इंडक्टर-कपॅसिटरच्या जोड्यांच्या, फिल्टरचं जे गणित मांडलं, त्यात ही मोकळीक आधीपासून आहे. फिल्टरच्या आतल्या रेझोनेटरला बाहेर ५० आहे की २०० याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला एवढंच कळतं की टोकाकडून आपल्यावर किती भार पडतोय. हा भार मोजायचं माप म्हणजे बाह्य क्यू. दोन्ही टोकांना तो ठरलेला क्यू मिळाला की फिल्टर खूश. बाहेर काय आहे ते टोकाच्या जोडणीनं बघून घ्यायचं.

आकडे सांगतो, कारण गंमत त्यांच्यातच आहे. दोन रेझोनेटरचा बटरवर्थ (सपाट माथ्याचा) फिल्टर धरला, मध्य ८६६ मेगाहर्ट्झ, पट्टा २० टक्के म्हणजे साधारण १७३ मेगाहर्ट्झ. दोन मेगाहर्ट्झच्या कामाला एवढा रुंद दरवाजा कशाला, असं वाटेल. फिल्टरची गळती पट्ट्याची रुंदी आणि रेझोनेटरचा क्यू (हा त्याचा स्वतःचा, जितका मोठा तितकं नुकसान कमी) यांच्या गुणाकाराच्या उलट चालते. बोर्डाच्या थरांतच घडवलेल्या तांब्याच्या गुंडाळीतून आणि पत्र्यांच्या कपॅसिटरमधून क्यू मिळून मिळून साठच्या आसपास मिळतो. त्या क्यूला २० टक्के पट्टा ठेवला तर गळती एक डीबी; १० टक्के ठेवला तर दोन. शिवाय बोर्ड तयार होताना फिल्टर थोडा इकडेतिकडे सरकणारच, त्यालाही जागा हवी. बटरवर्थच्या तक्त्यातली १.४१४ ही किंमत ०.२ नं भागली की बाह्य क्यू येतो ७.०७. दोन रेझोनेटरमधली जोडणी ०.१४१.

इथं मोकळीक वापरायची. दुसऱ्या रेझोनेटरची पातळी अशी निवडली की २०० ओहम सरळ त्याच्या डोक्यावर जोडले तरी क्यू नेमका ७.०७ भरावा. त्यासाठी रेझोनेटर हवा ६.५ पिकोफॅरड आणि ५.२ नॅनोहेन्रीचा. झालं, त्या टोकाला जोडणीचा भागच उरला नाही. ॲम्प्लिफायरचा पाय थेट रेझोनेटरवर, आणि पायाची जी एक पिकोफॅरड आधी डोकेदुखी होती ती त्या ६.५ मध्येच जमा. ती मारायला लावलेला इंडक्टर गेला.

अँटेनाच्या टोकालाही तसंच सरळ जोडून बघावं असा मोह होतो. पण ५० ओहम सरळ जोडले तर तिथला रेझोनेटर २६ पिकोफॅरड आणि १.३ नॅनोहेन्रीचा लागतो. १.३ नॅनोहेन्री म्हणजे बोर्डाच्या आरपार जाणाऱ्या एखाद-दोन व्हायांइतकंच, म्हणजे तांबं चढवलेल्या भोकांइतकंच. त्याला इंडक्टर म्हणायचं की अपघात, हाच प्रश्न. म्हणून दोन्ही रेझोनेटर एकाच पातळीवर ठेवले आणि ५० ओहमच्या वाटेत एक सिरीज कपॅसिटर घातला, २.१२ पिकोफॅरडचा. मध्यावर त्याची रिॲक्टन्स, म्हणजे कपॅसिटरचा विरोध, ८६.६ ओहम, म्हणजे ५० च्या वर्गमूळ तीनपट, आणि त्यामुळे रेझोनेटरला पलीकडचे ५० हे २०० दिसतात. कपॅसिटर स्वतःचं १.५९ पिकोफॅरडचं ओझंही रेझोनेटरवर टाकतो, ते वजा करायचं. दोन रेझोनेटरमधला जोडणीचा कपॅसिटर ०.९२ पिकोफॅरड, तोही दोन्हीकडून वजा. पहिल्याला उरले ४ पिकोफॅरड, दुसऱ्याला पायाची एक सोडून ४.६. इम्पीडन्स बदलण्याचा खर्च, म्हटलं तर, तो एक २.१२चा कपॅसिटर, आणि टोकाला काहीतरी जोडणी लागणारच होती, म्हणजे तोही फुकटातच पडला.

अण्णांना हे सगळं सांगितलं नव्हतं, पण ते एकदा टेबलावरचा बोर्ड बघून विचारू लागले तेव्हा दोन कामं एकाच तुकड्यात केलीत असं म्हणालो. "म्हणजे गाळणी आणि नरसाळं एकच," अण्णा म्हणाले, आणि फोनवर कुणाशी तरी तेलुगूत सुताच्या भावाचं बोलायला लागले.

या रचनेत एक खोट आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कपॅसिटरनं जोडलेला फिल्टर खालच्या बाजूला कडक असतो, वरच्या बाजूला ढिला. फ्रिक्वेन्सी वाढली की सिरीज कपॅसिटर आणखी मोकळे होतात. आणि आमचा शत्रू तर वरच, १८४२ च्या आसपास. कागदावरच्या आदर्श बटरवर्थनं तिथं जवळपास ३७ डीबी अडवले असते, प्रत्यक्षातल्या मांडणीनं त्यातले पुष्कळ सोडून दिले असते.

थरांचा बोर्ड इथं उपयोगी पडला. कपॅसिटरचा खालचा पत्रा जमिनीला (ग्राउंडला) जोडताना वाटेत थोडा इंडक्टन्स येतोच. एरवी तो कमी करायला आपण शेजारी शेजारी व्हाया ठोकत सुटतो. मी उलट केलं: पत्र्यापासून व्हायापर्यंत एक बारीक पट्टी मुद्दाम लांबवली. कपॅसिटर आणि ही पट्टी मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला शॉर्ट होतात, आणि तिथं फिल्टरमध्ये खड्डा पडतो. दुसऱ्या रेझोनेटरचा कपॅसिटर ३.५७ पिकोफॅरड आणि पट्टी २.१ नॅनोहेन्रीची केली, खड्डा बरोबर १८४२ वर. कपॅसिटर ४.६ चा ३.५७ का, तर सिरीजमधल्या इंडक्टन्समुळे ८६६ ला तो मोठा भासतो, भासावा ४.६. पहिल्या रेझोनेटरला ३.४९ पिकोफॅरड आणि १.२ नॅनोहेन्री देऊन दुसरा खड्डा २४४० च्या आसपास टाकला, कारण ऑफिसातला वायफायचा राउटर गेटवेच्याच फळीवर ठेवतात. ठेवू नका म्हणून सांगितलं तरी ठेवतात.

लोक विचारतात, चार कपॅसिटर आणि दोन गुंडाळ्याच आहेत तर बाजारातले छोटे भाग का नाही लावले? लावता येतात. फक्त या गेटवेचा बोर्ड आधीच चार थरांचा होता, आतल्या तांब्याचे पैसे भरलेले होते, आणि जमिनीच्या वाटेतले ते दोन नॅनोहेन्री मला फोटोइतके नेमके हवे होते. हातानं किंवा मशीननं बसवलेल्या भागांच्या सोल्डरमध्ये ते नेमकेपण राहत नाही. साध्या एफआर-४ वर, म्हणजे नेहमीच्या काच-इपॉक्सीच्या बोर्डावर, मात्र हे करू नये. त्याचा लॉस टँजंट (आत किती ऊर्जा वाया जाते त्याचं माप) ०.०२, म्हणजे कपॅसिटरचा क्यूच पन्नासला अडकतो. गुंडाळीचं नुकसान धरून गळती दोन डीबीवर जाते. म्हणून वरच्या दोन थरांमध्ये रॉजर्सचं ४३५०बी हे लॅमिनेट घेतलं, त्याचा लॉस टँजंट ०.००३७, आणि खालचा बाकीचा बोर्ड स्वस्त एफआर-४चाच. असा मिश्र बोर्ड करून देणारे पुण्यात आहेत.

पत्र्यांचं गणित शाळेतलंच. दोन थरांत ०.१ मिलिमीटर अंतर असेल तर या लॅमिनेटवर दर चौरस मिलिमीटरला ०.३२ पिकोफॅरड मिळतात. ३.५७ साठी सव्वातीन मिलिमीटरचा चौरस पुरला. वरचा पत्रा खालच्यापेक्षा चोहोबाजूंनी थोडा लहान ठेवला. बोर्ड दाबताना थर एकमेकांवर अचूक बसत नाहीत, केसभर सरकतात. एक पत्रा मोठा असला की सरकलं तरी समोरासमोरचं क्षेत्रफळ तेच राहतं. सिरीज कपॅसिटरच्या खालची जमीन कापली, नाहीतर ते दोन्ही बाजूंनी जमिनीलाच जास्त जोडले जातात.

मग ओपनईएमएसमध्ये तपासणी. बोर्ड बनवण्याआधी संगणकावर चालवून बघायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि संयम असेल तर उत्तम आहे. संपूर्ण फिल्टर एकदम चालवून वक्र जुळवत बसायचं नाही, हा माझा हट्ट. तुकडे वेगळे तपासायचे. दोन्ही टोकं अगदी सैल जोडून फक्त दोन रेझोनेटर चालवले की पडद्यावर दोन शिखरं दिसतात, जोडणी ०.१४१ असेल तर ती ८११ आणि ९३५ मेगाहर्ट्झवर यायला हवीत. माझी फारच लांब लांब गेली, म्हणजे जोडणी जास्त. कपॅसिटर बरोबर होता; शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गुंडाळ्या चुंबकीय मार्गानं आपापसात बोलत होत्या. एक गुंडाळी आरशात बघावी तशी उलटी केली, चुंबकीय जोडणीचं चिन्ह बदललं, शिखरं जवळ आली, आणि उरलेलं कपॅसिटरचा पत्रा किंचित बदलून जमवलं. टोकांसाठी एकेक रेझोनेटर घेऊन परावर्तनाचा ग्रुप डिले, म्हणजे टोकावरून परत यायला सिग्नलला लागणारा वेळ, बघितला. बाह्य क्यू ७.०७ असेल तर ८६६ ला तो ५.२ नॅनोसेकंद येतो. अँटेनाच्या टोकाला पोर्ट ५० चा, चिपच्या टोकाला पोर्ट २०० चा, आणि दोन्हीकडे ५.२ च. फिल्टर आणि इम्पीडन्स बदल एकाच वेळी बरोबर झाल्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

पहिली खेप हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याहून येणाऱ्या एका मित्राच्या बॅगेतून आली. तीन गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा नॅनोव्हीएनए (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल पार जातो ते मोजणारं छोटं यंत्र) कॅलिब्रेट केला, बोर्ड लावला, तर वक्राचा आकार देखणा आणि मध्य ८०० वर! ८६६ दरवाजाच्या पार उंबऱ्यावर. आकार बरोबर आणि जागा चूक, म्हणजे सगळ्या कपॅसिटरवर एकच संकट आलेलं. इंडक्टर इतके चुकत नाहीत, ते फक्त तांब्याच्या आकारावर चालतात.

एक बोर्ड बळी दिला. फिल्टरमधून आडवा कापला, तुकडा पारदर्शक रेझिनमध्ये उभा ओतला, आणि बाथरूममधल्या नळाखाली बारीक होत जाणाऱ्या पाण्याच्या पॉलिशपेपरवर घासत बसलो. शेवटचा हात दोन हजार नंबरच्या पेपरचा. यूएसबी सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याच्या दोन गुलाबी रेघा आणि मधली दुधट फट दिसली, फटीत काचेच्या धाग्यांची आडवी-उभी वीण. फट ०.०८५ मिलिमीटर. नकाशावर ०.१ होती. पंधरा टक्के बारीक, म्हणून कपॅसिटन्स अठरा टक्के जास्त, म्हणून मध्य ८०० वर. हिशेब दमडीपर्यंत जुळला.

यात फॅब्रिकेटरला बोल लावण्यासारखं काही नव्हतं. या खेपेत पत्र्यांच्या मधला थर त्याच जातीच्या प्रीप्रेगचा होता, म्हणजे अर्धवट शिजलेलं रेझिन आणि काच. दाबयंत्रात तापलं की रेझिन वितळतं आणि ज्या थरावर तांबं कोरून काढलंय त्या मोकळ्या जागांत वाहत जातं. शेजारी तांबं किती उरलंय यावर त्याची शेवटची जाडी ठरते. कोअर मात्र कारखान्यातूनच पूर्ण शिजून, दोन्ही बाजूंना तांबं चिकटून येतं, त्याची जाडी दाबल्यानं बदलत नाही. त्यामुळे पत्रे मोठे-लहान करत बसण्याऐवजी थरांची मांडणीच उलटवली: सगळे कपॅसिटर ०.१०१ मिलिमीटरच्या कोअरच्या दोन बाजूंना, आणि प्रीप्रेग खाली, जिथं तो जाड-बारीक झाला तरी कुणाचं बिघडत नाही. दुसऱ्या खेपेचा मध्य ८६० च्या आसपास आला. मी हात लावला नाही.

मोजणीतही एक भानगड असते, ती आधी सांगून ठेवलेली बरी. व्हीएनएचे दोन्ही पोर्ट ५० ओहमचे आणि फिल्टरचं एक टोक २०० चं. मी त्या टोकाला १५० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावतो, फिल्टरला २०० दिसतात. पण मग पोचलेल्या शक्तीतला पाव हिस्साच यंत्राला मिळतो, म्हणजे सहा डीबी तिथंच कमी दिसतात. कंपनीच्या माणसाला पडद्याचा फोटो पाठवला तर सात डीबी बघून त्याचा लगेच फोन, "सर, हा फिल्टर आहे की ॲटेन्युएटर?" खात्रीसाठी मग दोन बोर्ड २०० च्या टोकांनी एकमेकांना चिकटवून ५० ते ५० मोजले. दोघांचे मिळून दोन डीबीला थोडेसेच जास्त, म्हणजे एकाला एक आणि वर किंचित. चिपच्या पायाऐवजी तिथं एक पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर लावायचा, नाहीतर मध्य वर सरकलेला दिसतो आणि माणूस नसलेला दोष शोधत राहतो.

हाच फिल्टर सिरॅमिकमध्ये केला तर? एलटीसीसी म्हणतात त्या पद्धतीत कच्च्या सिरॅमिकच्या पट्ट्यांवर चांदीच्या पेस्टनं आकृती छापतात, पट्ट्या रचून दाबतात आणि ८५० अंशांच्या आसपास सगळं एकत्र भाजतात. तापमान एवढं कमी ठेवण्याचं कारण चांदीच, ती ९६२ अंशांना वितळते. साध्या ॲल्युमिनाला पंधराशे-सोळाशे अंश लागतात, तिथं टंगस्टन किंवा मॉलिब्डेनम वापरावं लागतं आणि त्यांचा रोध जास्त. एलटीसीसीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ७.८ च्या घरात, थर ०.०४ मिलिमीटरचे, त्यामुळे दर चौरस मिलिमीटरला १.७ पिकोफॅरड. माझा दहा बाय सातचा फिल्टर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत बसेल. भाजताना आडवं-उभं १३ टक्के आकसतं, ते आकृतीत आधीच वाढवून धरायचं. पुण्याला सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत या तंत्राचं काम चालतं. पण काही शे गेटवेसाठी छपाईच्या जाळ्या आणि पंचिंगचा खर्च परवडत नाही, म्हणून मी तो नाद सोडला. गणित सगळं हेच राहील, एवढं मात्र नक्की.

नवा बोर्ड गड्ड्याच्या यात्रेच्या आधी कारखान्यात लागला. १८४२ चा खड्डा जागेवर आहे, संध्याकाळी थांबलेला माग लगेच कळतो. ९३५ ते ९६० च्या पट्ट्याला मात्र हा फिल्टर जेमतेम दोन-अडीच डीबी अडवतो. साठच्या क्यूवर याहून जास्त मागणं म्हणजे सगळी कामं एकाच्या गळ्यात मारणं. ज्या कारखान्यांजवळ ९०० चा टॉवर जोरात आहे तिथल्या गेटवेत ॲम्प्लिफायरनंतर एक सॉ (स्फटिकावरच्या ध्वनिलहरींनी चालणारा) फिल्टर घातला आहे, तिथं त्याचे दोन-अडीच डीबी गेले तरी नॉइजला फारसं भोवत नाही. आता आकडे पाठवणारी डबीसुद्धा कंपनीला अशीच हवी आहे. तिच्या ट्रान्समीटरला हवे आहेत सुमारे २० ओहम, म्हणजे या वेळी सिरीज कपॅसिटर दोन्ही टोकांना लागणार आणि त्यांतला एक बराच मोठा. फॅब्रिकेशनच्या नकाशावर कोअरची जाडी लाल अक्षरात लिहून ठेवली आहे.